सुनांचा पूल

वायंगणजुव्यावर नव्यानं येणाऱ्या माणसाला बेटाची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आहे. पगार नाही. पाहुणा खूश झाला तर श्रेय यजमानाचं आणि नाराज झाला तर दोष माझा, एवढीच सेवाशर्त.

जुवें म्हणजे बेट. शापोरा नदी पेडण्याच्या बाजूला जिथं दोन फाटे करते, तिथं मधे आम्ही आहोत. लांबी सव्वा किलोमीटर. रुंदी भरतीवर अवलंबून. घरं एकोणतीस. माड कुणी मोजलेले नाहीत, कारण मोजायला लागलं की भाऊबंदकी सुरू होते. शेती बांधाच्या आतली. बांधाला एक लाकडी दार आहे, त्याला मानस म्हणतात. खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि मासे आत घ्यायचे, ही दोन्ही कामं ते एकटंच करतं. इतकं काम करणारं सरकारी खातं मी पाहिलेलं नाही. पाव घेऊन पोदेर साडेसहाच्या फेरीनं येतो. फेरी चुकली तर गावभर भाकरी. मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर, त्यामुळे इथली सगळी प्रेमप्रकरणं देवासमोर होतात.

आणि पूल मंजूर आहे.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. माझी जानकी एकोणऐंशी साली लग्न होऊन आली, त्याआधी माझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना पुलाचं तोंड कुठं येणार ती जागा बोटानं दाखवली होती. आज तिथं जानकीनं अळू लावलंय. शेजारच्या सुमंगलावैनी शहाऐंशी साली आल्या. त्यांना सांगितलं होतं, 'पहिलं मूल चालायला लागेपर्यंत पूल होतलो.' ते मूल म्हणजे सुदेश. तो आता छत्तीस वर्षांचा आहे आणि बऱ्यापैकी चालतो. या जुव्यावर जेवढ्या सुना आल्या, तेवढ्या त्या पुलावरून आल्या.

सुदेशच्या वेळी मात्र काही जमेना. तो मोपा विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे. मुलींना विमानतळ आवडायचा, फेरी आवडायची नाही. सात मुली नको म्हणाल्या. सातव्या नकारानंतर वैनींनी देवळात जाणं कमी केलं. देवानं विचारलं तर काय सांगायचं, म्हणाल्या.

आठवी दीपा. आईवडील मूळचे चंदगडकडचे, कामासाठी डिचोलीत येऊन दहा वर्षं झालेली. ती एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. सुदेश डिचोलीला जाऊन तिला बघून आला आणि आल्यावर तीन दिवस काहीच बोलला नाही. वैनींनी ओळखलं. आता मुलीकडचे घर बघायला येणार होते.

आदल्या दिवशी वैनी माझ्या सोप्यावर येऊन बसल्या.

"यशवंतबाब, पावण्यांक जुवें तुमी दाखया. पण लिवतात तसा बोला नाका."

"म्हणजे कसं?"

"खरां बोलून हसवतात तसा. उद्या हसवू नाका. आणि खरां तर अजिबात नाका."

तीस वर्षं वर्तमानपत्रात लिहून एवढं नेमकं परीक्षण मला दुसरं मिळालं नव्हतं.

जुव्यावर मुहूर्त दोन असतात, भटजीचा आणि पाण्याचा. भटजीचा थोडा पुढंमागं करता येतो. रविवारी बारानंतर मोठी ओहोटी होती. पाणी ओसरलं की नदीच्या मधोमध वाळूचा पट्टा वर येतो आणि फेरी चार वाजेपर्यंत काठाला टेकून राहते. तेव्हा पाहुण्यांनी दहाला यायचं, साडेअकराला जायचं आणि ओहोटी नावाची गोष्ट जगात असते हे त्यांना कळू द्यायचं नाही, असा बेत होता.

पाहुणे पावणेबाराला आले. मुलीच्या आईला शिरगावला लईराई देवीपुढं नारळ ठेवायचा होता, आणि तिथं मोठी रांग होती.

"हीच शेवटची," फेरीचा तांडेल सदाशिव माझ्या कानात म्हणाला. "आता चारशिवाय ना. सांगूं त्यांका?"

"तू नदीकडे बघ," मी म्हणालो.

मुलीचे वडील मारुतीराव, ठेंगणे, टोपीवाले, प्रत्येक भिंतीला हात लावून बघणारे. आई चंद्रभागाबाई. आणि दीपा स्वतः. तिनं आपली स्कूटर पलीकडच्या काठावर फणसाखाली लावली होती. मुलीनं घर बघायला यायची पद्धत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. तिनं ऐकलं.

"राहायचं मला आहे," ती म्हणाली.

मी त्यांना हिंडवलं. चंद्रभागाबाईंनी विहिरीचं पाणी चाखलं. "गोडं हाय की ओ. चारी बाजूला खारं आणि मधी गोडं!" मारुतीरावांनी घराच्या खांबावर टकटक केलं आणि मान हलवली. सगळं छान चाललं होतं. मग दीपानं विचारलं, "दवाखाना कुठं आहे?"

"पलीकडे."

"दळण?"

"पलीकडे."

"बँक?"

"पलीकडे."

"मग अलीकडे काय आहे?"

"पुलाची जागा," मी म्हणालो. मागून वैनींनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मारुतीराव एकदम ताठ झाले. "पूल? किती गाळ्यांचा? खांब किती?"

वैनींची चूक एवढीच झाली होती, की मुलीचे वडील 'कन्स्ट्रक्शनमध्ये' आहेत म्हटल्यावर ते घरं बांधत असतील असं त्यांनी धरलं. मारुतीरावांनी बावीस वर्षं फक्त पुलांची कामं केली होती. आधी लोखंड बांधणारा म्हणून, आता सुपरवायझर म्हणून.

"माती तपासायला बोअर कुठं मारलाय?" ते म्हणाले. "जागा दाखवा की."

पळवाट नव्हती. मी त्यांना वडिलांनी दाखवलेल्या जागी नेलं. मारुतीराव विजार वर करून अळवात शिरले आणि वाकून पानं बाजूला करत काहीतरी शोधू लागले.

वरून जानकीचा आवाज आला. "कोण तो माझ्या अळवात?"

"पाहुणे आहेत. पुलाची जागा बघतायत."

"परत?" जानकी म्हणाली.

मारुतीराव सरळ उभे राहिले. "हितं मातीची तपासणी झालेली न्हाई. झाली असती तर पाइप दिसला असता, सर्व्हेचा दगड दिसला असता. मंजूर कवा झालाय पूल?"

"कितव्यांदाचं विचारता?" मी म्हणालो. जित्याची खोड.

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं माड वाळला असता. "होतलो हो," त्या मारुतीरावांना म्हणाल्या, "औंदा नाय तर फुडल्या वर्सा..."

"आई, पुरे," सुदेश म्हणाला. तोवर सगळ्यांच्या मागं उभा असलेला तो मारुतीरावांकडे वळला. "मामा, पूल नाही. होईल असंही मला वाटत नाही. सात ठिकाणी होणार म्हणून सांगून झालं. ह्यांना तसं नाही सांगायचं."

"ह्यांना" म्हणताना त्यानं दीपाकडे बघितलं नाही, अळवाकडे बघितलं.

वैनी बांधावर मटकन बसल्या. "झालां," त्या म्हणाल्या. "आठवी."

"म्हंजे फसवत हुतासा की ओ आमाला!" मारुतीराव अळवातून बाहेर आले. "लिहिणारा माणूस म्हणून ह्यांच्यावर इस्वास ठेवला मी."

"तिथं तुमचं चुकलं," मी म्हणालो. ते कुणाला आवडलं नाही.

"चला, निघूया आपण," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना फेरीबद्दल सांगावं लागलं. तेही मलाच. चार वाजता. त्याआधी नाही.

पहिल्यांदाच दीपाचा चेहरा बदलला. "माझी तीनची शिफ्ट आहे. या महिन्यात दोनदा उशीर झालाय. पुढच्या आठवड्यात कायम करायची यादी लागणार आहे."

तेवढ्यात सुदेश म्हणाला, "माझी होडी आहे. वाळूवर थोडी ओढावी लागेल, चिखल आहे. पण स्कूटरपर्यंत पोचवतो."

"मी बी येतो," मारुतीराव म्हणाले.

"तिघं बसलो तर टेकेल, मामा. पाणी गुडघाभर पण नाही."

"एकली पोर, त्याच्यासंगं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "अजून काय ठरलं न्हाई, उलट मोडलंय..."

"आई, नदी सगळ्यांना दिसतेय," दीपा म्हणाली आणि चपला हातात घेऊन बांध उतरली.

दिसत होतीच. एकोणतीस घरांतली माणसं निरनिराळ्या कामांसाठी काठावर जमली. कुणी जाळं वाळवायला, कुणी आभाळ बघायला. दोन बायका तर भर दुपारी अंगण झाडायला काठावर आल्या, जिथं अंगण नाही.

होडी मधोमध जाऊन टेकली. दोघं उतरली. सुदेश पुढून ओढत होता, दीपा मागून ढकलत होती, चुडीदार गुडघ्यापर्यंत चिखलात. होडी वाळूवर आली आणि दोघं थांबली. पलीकडे पाणी होतं, होडी ढकलायची तेवढी बाकी होती. पण ती थांबली आणि बोलू लागली.

या बेटावर दोन माणसांना एकांतात बोलता येईल अशी एकच जागा आहे, आणि ती ओहोटीला चार तास असते. सगळ्यांना दिसते, कुणाला ऐकू येत नाही. मी इथं जन्म काढला, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"एवढं काय बोलायलीत?" मारुतीराव घड्याळ बघत म्हणाले. "शिफ्ट चुकंल की."

"कमरेवर हात ठेवलाय," चंद्रभागाबाई डोळ्यांवर तळवा धरून म्हणाल्या. "म्हंजे भांडायलीया."

"तो मान हलयता," वैनी बांधावरून उठून त्यांच्याजवळ गेल्या. "म्हणजे ऐकता."

"ऐकतोय व्हय?"

"ऐकता. बापायवर गेलो ना तो."

"आमच्यात एकबी ऐकत न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि दोघींनी एकदमच मारुतीरावांकडे पाहिलं. ते पुन्हा घड्याळ बघू लागले.

वाळूवर दीपानं काठाकडे हात केला, मग पलीकडे, मग पाण्याकडे. सुदेशनं बोटं मोजली. तिनं पुन्हा काही विचारलं. त्यानं डोकं खाजवलं. मग होडी पाण्यात गेली, आणि वल्हं तिच्या हातात होतं. होडी जागच्या जागी एक पूर्ण चक्कर फिरली. काठावरून "अरे! अरे!" असा ओरडा झाला. दुसरी चक्कर अर्धीच झाली. तिसऱ्या वेळी होडी तिरकी का होईना, पलीकडे गेली. सुदेशनं वल्हं परत मागितलं नाही, हे सगळ्या काठानं पाहिलं.

फणसाखालून स्कूटर निघाली, तेव्हा पावणेदोन वाजले होते. डिचोली पाऊण तासाच्या वाटेवर.

सुदेश परत आला तो कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. त्याला कुणी होडीही बांधू दिली नाही.

"काय म्हणाली?" हे चौघांनी एकदम विचारलं. चौथा मी.

"शेवटची फेरी किती वाजता, विचारलं. साडेआठ, म्हटलं. तर म्हणाली, दुपारची शिफ्ट अकराला सुटते. म्हणजे होडी पलीकडे पाहिजे, साखळीनं, कुलूप घालून. मी म्हटलं, मी येईन न्यायला. तर म्हणाली, तुमची नाइट असली तर?"

"मग?"

"मग म्हणाली, वल्हवायला किती दिवसांत येतं."

"आणि पुलाचां?" वैनींनी घाबरत विचारलं.

"त्याबद्दल काही नाही बोलली. लहानपणी बाबांच्या साइटवर राहायची, म्हणाली. पूल झाला की दुसऱ्या दिवशी खोपटं मोडून पुढच्या पुलावर. पाच शाळा झाल्या तिच्या. पूल झाला की आमचं बिऱ्हाड उठायचं, म्हणाली."

मारुतीरावांनी टोपी काढली, आत बघितलं, आणि पुन्हा घातली.

"ता सगळां ऱ्हवांदे," वैनींचा धीर सुटला. "होय म्हणाली, काय ना म्हणाली?"

सुदेशचा चेहरा उतरलेला स्पष्ट दिसला.

"ते विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

तेवढ्यात चंद्रभागाबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडूनच.

"अवो ताई," त्या वैनींना म्हणाल्या, "माझी पोर नको असलेल्या वस्तूची किंमतसुदीक इचारत न्हाई दुकानात. ती कुलपापातूर पोचलीया."

वैनींनी मारुतीरावांकडे पाहिलं. ते नदीकडे बघत होते. "तिकडच्या काठाला दोन पायऱ्या पायजेत," ते म्हणाले. "चिखलातनं रोज उतरली तर पाय घसरंल. दगूड हाय का हितं?"

"दगड हवे तेवढे," मी म्हणालो.

"तुमी नगा सांगू. ह्यो सांगू दे." त्यांनी सुदेशकडे बोट केलं.

"आहे, मामा. वरच्या अंगाला जांभा आहे."

"मग झालं."

"आणखी एक विचारलंय तिनं," सुदेश आईला म्हणाला. "बुधवारी तिला सुट्टी आहे. ओहोटी किती वाजता, म्हणून विचारलं."

"भरती रे," वैनी म्हणाल्या. "भरती विचारली असतली."

"नाही, ओहोटी. भरतीला कुणीही येईल, म्हणाली."

वैनींनी बोटाच्या पेरांवर हिशेब केला, ओठ हलवत. मग चंद्रभागाबाईंसमोर, मारुतीरावांसमोर आणि आभाळ बघायला जमलेल्या सगळ्या गावासमोर मोठ्यानं सांगितलं, "सवाचाराक. फेरी दोन वाजल्यापासून बंद. सहाशिवाय सुरू जावची ना." आणि पानं घ्यायला आत गेल्या, कारण चार वाजायला अजून दोन तास होते आणि माणसं जेवायची होती.