गरुडाची थोरली

“दिसला?” मर्लने विचारलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपर टेकून, एक डोळा मिटून, क्लेअर ब्रुबेकर भिंगाखालच्या नाण्याकडे पाहत होता. खिडकीतून एप्रिलमधलं दुपारचं स्वच्छ ऊन आत येत होतं, तरी मर्लने सवयीने दिवा लावला होता.

“गरुडाच्या उजव्या पंखापासून वर जा. अक्षराच्या पायथ्यापर्यंत. केसाएवढा आहे, घाई करू नकोस.”

“घाई तूच करतोयस, म्हाताऱ्या. बघू दे.”

नाणं १८२७ चा अर्धा डॉलर होतं. त्या काळी टांकसाळीत ठशावरची अक्षरं आणि आकडे एकेक करून हाताने ठोकत, त्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसत. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचं मुख, दुसऱ्या बाजूला गरुड. मुखाचा कोणता ठसा गरुडाच्या कोणत्या ठशाशी जुळवला होता हे ओळखायचं आणि अशी प्रत्येक जोडी मिळवायची, हा मर्ल हॉस्टेटरचा चाळीस वर्षांचा छंद. छंदिष्टांच्या बोलीत अशा जोडीला लग्न म्हणत, आणि म्हणताना कोणी हसत नसे. हसायची ती फक्त मर्लची बायको व्हर्ना.

टेबलावरच्या या गरुडाची लग्नं दोन झाली होती. एका देवीच्या मुखाखालच्या सालातला दोनचा आकडा तळाशी सपाट होता, दुसरीच्या मुखाखालचा वळणदार. त्यातली आधीची कोणती, यावर मर्ल आणि क्लेअर यांचा वीस वर्षं वाद चालला होता. मर्लच्या मते सपाट दोनची आधी. क्लेअरच्या मते वळणदार दोनची. “एवढं भांडण तर त्या दोघी सवतींनीही केलं नसतं,” असं म्हणत व्हर्ना दोघांपुढे काकवीचा केक कापून ठेवायची. “थोरली कोण ते ठरलं की मला सांगा. तिच्यासाठी एक तुकडा बाजूला काढून ठेवते.”

वाद मिटवणारा पुरावा एकच असू शकत होता. ठसा तडकला की तो तडा नाण्यावर उठावदार रेघ होऊन उमटतो, आणि पोलादाचा तडा सांधत नाही. सपाट दोनच्या एकाही नाण्यावर तडा नव्हता, हे दोघांनाही मान्य होतं. वळणदार दोनच्या एखाद्या नाण्यावर तो सापडला, तर तो संसार नंतरचा. गेल्या आठवड्यात मर्लला तो सापडला होता. येत्या मंगळवारी अग्निशमन दलाच्या सभागृहात नाणेसंग्राहकांच्या मंडळाची बैठक होती आणि तिथे तो हे नाणं मांडणार होता. व्हर्ना फेब्रुवारीत गेल्यापासून कशाची तरी वाट पाहावी असं त्याला प्रथमच वाटलं होतं.

क्लेअरने भिंग खाली ठेवलं.

“आहे,” तो म्हणाला. “आहे रे बाबा. जिंकलास.”

मर्ल थांबला. ओरखडा असेल, सुताचा धागा असेल, चांदीचा थर आधीच उललेला असेल: या तिन्ही आक्षेपांना त्याने आठवडाभर उत्तरं घासून-पुसून ठेवली होती. क्लेअर आयुष्यभर दुधाची टाकीगाडी चालवलेला माणूस. एकदा रस्ता चुकल्याचं मान्य करायला नको म्हणून तो शेजारच्या जिल्ह्यापर्यंत गेला होता. तो असा एका वाक्यात हरला, हीच गोष्ट मर्लला पटेना.

“ओरखडा नाही ना, असं नाही विचारलंस?”

“नाहीये ओरखडा. उठावदार रेघ आहे.”

“कुठल्या टोकाला जाड आहे?”

क्लेअर किंचित थांबला. “पंखाकडे.”

मर्लला ती अक्षराकडे जाड दिसली होती. त्याने नुसती मान हलवली.

“अरे, मिरियमने सूप दिलंय तुझ्यासाठी, कोंबडीचं, मका घालून,” क्लेअर उठत म्हणाला. “गाडीतच राहिलं. डबा विसरून परत गेलो, तर मला घरात घेणार नाही ती.”

दार लागल्यावर मर्लने भिंग उजव्या डोळ्याला लावलं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो तेहतीस वर्षं होता. शंकास्पद नमुना आला की आधी भांडं तपासायचं, मग पाणी, हे नव्या माणसाला तोच शिकवत असे. नाणं पाहण्याची त्याची रीतही तितकीच काटेकोर होती. गरुड उभा, उजेड डावीकडून, भिंग उजव्या डोळ्याला. तुलना करायची तर काहीही बदलता कामा नये. त्याने कधी काही बदललं नव्हतं.

रेघ होती. पंखापासून अक्षरापर्यंत, वाटेत जराशी वाकलेली.

त्याने नाणं पाव फेरा फिरवलं. गरुड आडवा झाला. रेघ उभीच राहिली.

मर्लने ते बाजूला ठेवलं आणि सपाट दोनचं नाणं घेतलं. त्यावरही ती होती. खिशातलं चिल्लर काढलं, त्यावरही होती. मग त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं. त्या डोळ्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हात अडखळला. पंखाच्या वर चांदी सपाट, शांत, निष्कलंक होती.

नळाच्या मागच्या भिंतीवर व्हर्नाने निवडलेल्या पांढऱ्या चौकोनी फरश्या होत्या. डावा डोळा झाकून त्याने तिकडे पाहिलं. मधल्या दोन सांध्यांच्या रेषा आत ओढल्यासारख्या वाकल्या होत्या. दोन्ही डोळे उघडताच सरळ झाल्या. एक डोळा दुसऱ्याचा दोष इतके दिवस झाकत होता, आणि झाकण्यात इतका तरबेज झाला होता की मालकालाही पत्ता नव्हता.

क्लेअर डबा घेऊन आत आला तेव्हा टेबलावर दोन्ही नाणी गरुड आडवे करून ठेवलेली होती.

“तुला दिसला नव्हता,” मर्ल म्हणाला.

क्लेअरने डबा ओट्यावर ठेवला, झाकण घट्ट आहे का पाहिलं. ते घट्टच होतं.

“नव्हता,” तो म्हणाला.

“मग आहे का म्हणालास?”

“हसत होतास. दार उघडलंस तेव्हा. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.”

“मंगळवारी सगळ्यांसमोर तोंडघशी पडलो असतो त्याचं काय?”

“सगळ्यांना सांगून ठेवणार होतो, दिसला म्हणा म्हणून.” क्लेअरने खुर्ची ओढली. “वीस वर्षं मी बरोबर होतो की नाही, देव जाणे. एक मंगळवार तुला दिला असता, तर काय बिघडलं असतं?”

मर्लने नाणं कडेने उचललं आणि त्याच्या कागदी पाकिटात सरकवलं.

“तडा खरा आहे,” तो म्हणाला. “जागा चुकली. नाण्याला नाही, मला गेलाय.” आणि त्याने उजव्या डोळ्याखाली बोट टेकवलं.

“सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो,” क्लेअर म्हणाला. “जिल्ह्याच्या बाहेर नाही नेणार.”

“मंगळवारी मीच सांगतो त्यांना. तू बोलू नकोस.”

“नाही बोलत. सूप गार होतंय.”

क्लेअर वाट्या शोधू लागला. व्हर्नाने त्या कुठे ठेवल्या होत्या ते मर्ललाही अजून नीट ठाऊक झालं नव्हतं. तो फ्रीजसमोर उभा राहिला. दारावर चुंबकाने लावलेला तिचा फोटो होता, सुरी हातात, केक कापण्यापूर्वीचा. त्याने डावा डोळा झाकला. तिच्या ओठांच्या जागी राखाडी धूसर रेघ होती, आणि हसणं त्या रेघेत बुडालं होतं.

मर्लने नजर हळूहळू बाजूला नेली, फोटोवरून शेजारच्या बियाण्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर. मग नजरेच्या कडेला, फिकट पण अखंड, तिचा चेहरा आला.

“सापडल्या,” क्लेअर मागून म्हणाला. वाट्या हातात घेऊन तो थांबला. “काय बघतोयस? आज तारीख काय?”

“व्हर्नाला बघतोय,” मर्ल कॅलेंडरवरची नजर न हलवता म्हणाला.