रॉकेल मुरेपर्यंत

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो, आणि सध्या खामगावात एका निळ्या ड्रमच्या झाकणावर वजन म्हणून पडून आहे. हसू नका. लोखंडी पाइप फिरवणारा माझ्याइतका दणकट पाना एकेकाळी आमच्या मोहल्ल्यात दुसरा नव्हता.

कारखान्यात तापून, ठोके खाऊन मी दुकानात आलो. तिथे नळदुरुस्ती करणाऱ्या तरुण अब्दुल गनीने मला उचलले. दर जुम्म्याला तो मला तेल लावी आणि फडक्यात गुंडाळून ठेवी. चाळीस वर्षे आम्ही जुन्या घरांच्या भिंतींत दडलेले पाइप सांभाळले. गनीची एक पद्धत होती. गंजलेल्या सांध्यावर तो आधी रॉकेलचे चार थेंब सोडी आणि त्या घरचा चहा होऊन, पिऊन होईपर्यंत मला हातही लावत नसे. तेवढ्या वेळात रॉकेल मुरते आणि सांधा सैल पडतो. आमच्या जुन्या गिऱ्हाईक मनकर्णाबाई तर गनी दारात दिसला की आधी चहा ठेवत, मग कुठला नळ गळतो ते सांगत. लोक गनीचे कौतुक करत आणि फुगत मात्र मी असे.

पुढे गनीचे हात कापू लागले. माझेही दात झिजले. बाकीच्या घरांनी नवे कारागीर शोधले, पण मनकर्णाबाई गनीलाच बोलावत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता. आमच्याकडे आठव्या दिवशी पाणी येते, आणि तो नेमका पाण्याचा दिवस. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा दीपक घड्याळ पाहत उभा होता. गनीने रॉकेल सोडले आणि तो भिंतीला टेकून बसला.

"चाचा, बसून काऊन राह्यले? आता पाणी येईन ना!" दीपक म्हणाला.

"बेटा, जुना सांधा हाये. मुरू दे जरा."

"तुमच्यानं होत नसन तर सांगा. मी दुसऱ्याले बोलावतो."

गनी उठला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो चहासाठी थांबला नाही. त्याने मला सांध्यावर चढवले, जोर वाढावा म्हणून माझ्या दांड्याला पाइपाचा तुकडा लावला आणि सारे अंग टाकले. हा सांधा अजून तयार नाही, हे मला कळत होते. पण पान्याला नाही म्हणता येत नाही. भिंतीच्या आत कट्कन आवाज झाला. थोड्या वेळाने पाणी आले, ते भिंतीतूनच. दोन बादल्या कशाबशा भरल्या. बाकी आठ दिवसांचे पाणी डोळ्यांदेखत मोरीत गेले.

"पाइपच सडला होता, गनीभाऊ. तुमचा काय दोष?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाची कपबशी तशीच होती.

"नाही वहिनी. माह्या हातानं गेला," गनी म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

त्या घरात आता सगळे प्लास्टिकचे पाइप आहेत. महिन्याभराने मनकर्णाबाई स्वतः आमच्याकडे आल्या.

"अंगणातला जुना नळ मी बदलू नाही देला. तो गळून राह्यला. या ना, चहा ठेवतो."

गनीने आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "आता या हातांचा भरवसा नाही, वहिनी."

तो नळ अजून गळतो म्हणे. मनकर्णाबाई त्याखाली तांब्या ठेवतात, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. इकडे पाण्याच्या दिवशी गनीची नात आसमा मला बाजूला काढते, ड्रम भरते आणि पुन्हा झाकणावर ठेवते. गनी तेव्हा समोरच बसलेला असतो. तो माझ्याकडे बघत नाही. मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, मला गंज चढला आहे. तेल मिळाले तर बरे, नाही मिळाले तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरी एखादा म्हातारा कारागीर आला आणि काम सोडून नुसता बसलेला दिसला, तर घड्याळ पाहू नका. त्याच्यासाठी चहा ठेवा, आणि तो पिऊन होईपर्यंत थांबा.