कापडी पिशवीतला गाळ

दुकान बंद करून घरी बसलेल्या माणसाने वर्तमानपत्र चाळावं, बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसावं, दुपारी डुलकी काढावी. चांदीच्या या म्हाताऱ्या कारागिराने मात्र अडगळीची खोली बळकावली आणि काचेच्या बरणीत चांदी शुद्ध करायचा उद्योग मांडला. अशुद्ध चांदी कापडी पिशवीत घालून रसायनाच्या पाण्यात सोडायची, समोर स्टीलची पट्टी टांगायची आणि दोन्हींना बेताची वीज जोडायची. चांदी विरघळून पट्टीवर चमचमत्या सुयांसारखी चढते, तांबं पाण्यात राहतं आणि ज्याला विरघळायचंच नाही ते पिशवीत गाळ होऊन बसतं. तासन्‌तास तो बरणीपुढे बसे.

"या वयात कसले हे भिकेचे डोहाळे," बायको म्हणायची.

मोडके चमचे आणि डब्या संपल्यावर त्याला ती लगड आठवली. धाकट्या भावाबरोबर दुकानात ओतलेली चांदीची शेवटची लगड. त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाची सोन्याची अंगठी कामाच्या पाटावरून नाहीशी झाली होती. दुकान निव्वळ चांदीचं. माणूस ओळखीचा, त्याचा शब्द मोडवेना, म्हणून ती एकच अंगठी सैल करायला घेतली होती. कारागिराने भावाला चोर ठरवलं आणि घराबाहेर काढलं. भाऊ एक शब्दही बोलला नाही, आणि त्या गप्प राहण्यालाच याने कबुली मानली. दोघांचे केस पांढरे झाले, पण पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्या लगडीला हात लावायची याला इच्छाच होईना. बायको मात्र वरचेवर मागे लागायची, "विकून टाका ती एकदाची."

ती बाजारात गेली असताना त्याने लगड बरणीत सोडली.

लगड विरघळली तेव्हा पिशवीत नेहमीपेक्षा बराच जास्त गाळ निघाला. त्याने तो तेजाबात उकळला. तांबूस भुकटी उरली, ती काही केल्या विरघळेना. भुकटी छोट्या मुशीत घालून त्याने आच दिली. गोळी थंड झाली, आणि ती पिवळीधमक होती.

त्या दुकानात सोनं एकदाच आलं होतं. म्हणजे अंगठी कुणी चोरलीच नव्हती, ती वितळत्या चांदीत पडली होती. आणि आपण पाठच्या भावाला देशोधडीला लावलं होतं.

बायको स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तळहात तिच्यापुढे धरला.

"अगं, अंगठी आपल्याच मुशीत पडली होती."

तिने गोळीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"चांदीत गेलेलं सोनं परत निघतं?" तिने विचारलं.

त्याला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं.

"तू टाकलीस?"

"दोघांची रोजची धुसफूस बघून जीव विटला होता माझा." ती खाली बघत म्हणाली. "अंगठी हरवली की भांडाल, दुकानं वेगळी कराल, एवढंच मनात होतं. तुम्ही त्याला चोर म्हणाल असं वाटलं नव्हतं. मग तोंड उघडायची हिंमतच झाली नाही."

ओरडावं, भांडी आपटावीत, असं त्याला वाटलं. पण ज्या बाईच्या हातचं इतकी वर्षं जेवलो तिला आपण ओळखतच नव्हतो, याचीच त्याला भीती वाटली. तो बाहेरच्या खोलीत आला. पुतणीने कधीतरी दिलेला भावाचा नंबर त्याने लावला.

"मी बोलतोय. अंगठी सापडली. लगडीत होती."

"वहिनीला काही बोलू नकोस, दादा."

"तुला माहीत होतं?"

"मी दारातच होतो. टाकताना पाहिलं मी तिला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"मी घेतली का, एवढं तरी विचारशील म्हणून थांबलो होतो."