खुराड्याच्या चपला

कबरी शिंकली तेव्हा ताईला हसूच आलं. कोंबडी शिंकते हे तिला ठाऊकच नव्हतं. शिंक थेट आप्पांसारखी, आधी मान मागे, मग फटकन पुढे, आणि झाल्यावर इकडेतिकडे असं बघायचं की दुसरंच कोणीतरी शिंकलं. "आप्पा, तुमची शिष्या बघा," ती म्हणाली, आणि आप्पाही हसले. हसायचं तेवढं त्या दिवशीच हसून घेतलं म्हणायचं. दुसऱ्या सकाळी सहापैकी चौघी शिंकत होत्या आणि बाईसाहेब नावाच्या कोंबडीच्या डोळ्यात फेस आला होता.

आता ह्या घरात कोंबड्या शिरल्या कशा, ते आधी सांगायला हवं. त्या शिरवल्या धाकट्याने. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. परगावी सासुरवाडीच्या घरात राहतो, संगणकापुढे बसून काम करतो आणि दर भेटीत एकदा तरी म्हणतो, "माझं काय गं, लॅपटॉप उघडला की ऑफिस." आप्पा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आई आधीच गेलेली होती आणि ताईचं लग्न झालेलं नव्हतं. मग विचारायचं कोणाला आणि कशाला? ताई तोवर तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पाण्याला बघून भोकाड पसरणारी पोरं तिच्या हाताखाली बघता बघता पाय मारायला लागत. ते सगळं सोडून ती घरी बसली. धाकट्याने फोनवर हळहळ व्यक्त केली. भरपूर केली. त्या बाबतीत त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

आणि मग एका सुट्टीत तो गाडीतून सहा कोंबड्या घेऊन उतरला. "आप्पांना विरंगुळा!" विचारलं नाही, सवरलं नाही. पाच चांगल्या पाळणाऱ्याकडच्या, आणि सहावी, ती ठिपक्यांची कबरी, वाटेत रस्त्याकडेला एक माणूस विकत होता त्याच्याकडची, कारण धाकट्याच्या लेकीला ठिपके आवडले. नवं पाखरू आणलं की आधी वेगळं ठेवायचं, तब्येत बघायची, मग इतरांत सोडायचं, हे ना त्याला माहीत ना हिला. सगळ्या एकाच टोपलीतून आल्या आणि परसातल्या एकाच खुराड्यात गेल्या. धाकटा चहा पिऊन परत गेला. खुराडं साफ करायला कोण, हे काही त्याने विचारलं नाही, ते ठरलेलंच होतं.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण खोटं कशाला बोला, कोंबड्यांनी आप्पांना उठवलं. जो माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, तो काठी टेकत परसात जाऊन बसायला लागला. त्यांनी सगळ्यांची नावं ठेवली. बाईसाहेब, जमादारीण, मुकी, खादाड, लंगडी आणि कबरी. लंगडी अजिबात लंगडत नव्हती. "मी लंगडतो ना, तिला सोबत," आप्पा म्हणायचे.

अशात ताईला मैत्रिणीचा फोन आला. मैत्रीण दुसऱ्या गावात तरणतलाव चालवते. "शाळा उघडल्या की मला मुलांना शिकवायला बाई हवी. वर राहायला खोली आहे. येतेस का बोल." ताईने फोन ठेवला आणि ती मोरीत जाऊन नुसती उभी राहिली. नळ चालू होता, बादली भरून वाहायला लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

तिने आप्पांना विचारलं, वर्षभर धाकट्याकडे जाल का? आप्पांनी आधी खुराड्याकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "जाईन. पण ह्या सगळ्या येत असतील तर. ह्याच. दुसऱ्या घेऊन देऊ असलं काही सांगू नका मला."

धाकट्याने आधी जरा आढेवेढे घेतले, पण त्याच्या सासूनेच फोन हिसकावून घेतला. ही बाई एकटीच्या जिवावर उभी राहिलेली. घरामागे चाळीसेक कोंबड्या, त्यांच्या अंड्यांवर तिने मुलगी शिकवली, अजूनही त्यावरच तिचं चालतं, जावयापुढे हात पसरत नाही. ताई तिला मावशी म्हणते. "आण गं बाई!" मावशी फोनवर ओरडली, कारण फोनवर ओरडावं लागतं असा तिचा समज आहे. "सहा कोंबड्या काय जड आहेत? माझ्यात मिसळून जातील. आप्पाही मिसळून जातील. तू जा, पोह जा!" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत 'तू जा' असं तिला पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं.

सगळं जुळून आलं होतं हो. आणि कबरी शिंकली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एकेकीला काखेत धरून चोच उघडून पाहिलं, नाकपुड्या दाबून पाहिल्या, छातीला कान लावला. "ऐका," त्या म्हणाल्या. ताईनेही कान लावला. आत बारीक घरघर होती. श्वास कसा घ्यायचा आणि कसा सोडायचा हे शिकवण्यातच जिची उमेदीची वर्षं गेली, तिला ते ऐकवेना.

"आला कुठून हा आजार?"

"आणला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्या एकाच ठिकाणच्या का?" कबरी निमूटपणे दाणे टिपत होती. मग त्यांनी सरळ विचारलं, "उपचार करायचे की सगळ्यांना शांतपणे निरोप द्यायचा? पाळणारे लोक दोन्ही करतात. औषधाने बऱ्या होतील, पण पुढे…"

"बऱ्या होतील ना?" ताईने त्यांना मध्येच तोडलं. "मग करायचे." पुढचं डॉक्टरीणबाई बोलल्या, पण ते ऐकायला ताई जाग्यावर होतीच कुठे? तिचं डोकं केव्हाच हिशेबाला लागलं होतं, की धाकटा न्यायला येईपर्यंत ह्या खणखणीत बऱ्या झाल्या पाहिजेत.

आणि मग तिने जो जिवाचा आटापिटा केला, तो काय सांगावा! औषध पाण्यात घालायचं आणि दुसरं पाणी कुठे दिसू द्यायचं नाही. बाईसाहेब पाणी पिईना म्हणून तिला मांडीवर घेऊन थेंब थेंब चोचीत सोडायचं. डोळे कोमट पाण्याने पुसायचे, प्रत्येकीला वेगळा कापूस. खुराड्यातला ओला भुसा उपसून कोरडा पसरायचा, कारण विष्ठेच्या वासाने त्यांची छाती आणखी बिघडते. वरची पट्टी काढून हवेला वाट करून द्यायची. औषध चालू तोवर अंडी खायची नाहीत, ती पुरायची. आणि चपला वेगळ्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खुराड्यात घालायच्या चपला दारातच काढायच्या, त्या घालून इतर कुठे फिरायचं नाही, आजार पायांनी चालत जातो. ताईने आपल्या जुन्या निळ्या रबरी चपला, तलावावरच्या, खुराड्याच्या दाराशी ठेवून दिल्या. तलावावर परत गेल्यावर नव्या घेऊ, असं तिने मनात ठरवूनही टाकलं.

"किती करतेस गं त्यांचं," आप्पा म्हणायचे. ताई कापूस भिजवत राहायची. बोलणार काय? त्यातला एक थेंबही तिने कोंबड्यांसाठी घातला नव्हता. आप्पांसाठीही नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाचं तरी फक्त स्वतःसाठी करत होती, आणि तिला त्याची लाजही वाटत होती आणि मजाही.

बऱ्या झाल्या! एकूणएक बऱ्या झाल्या. डोळे स्वच्छ, तुरे लाल, जमादारीण पुन्हा सगळ्यांच्या अंगावर धावून जायला लागली. ताईने बॅग भरली. पोहायचा जुना पोशाख तिला घट्ट झाला होता, तोही तिने भरला. धाकटा येण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई शेवटचं बघून जायला आल्या, आणि दारात रिकामा पिंजरा पाहून थबकल्या.

"कुठे निघाल्या ह्या?"

ताईने आनंदाने सगळं सांगितलं. मावशी, चाळीस कोंबड्या, मोठं परस. सांगता सांगता डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघून ती मध्येच थांबली.

"अहो, मी पहिल्या दिवशीच म्हणाले होते. बऱ्या झाल्या तरी आजार अंगातून जात नाही. दिसत नाही, पण असतो. ह्या आता जन्मभर तो बाळगणार. ह्या कळपात बाहेरचं पाखरू आत आणायचं नाही आणि आतलं बाहेर न्यायचं नाही. तुम्ही ह्यांना चाळीस कोंबड्यांत सोडलंत, तर त्या बाईंचा सगळा खेळ आटोपला म्हणून समजा."

"म्हणजे… ह्या इथेच?"

"इथेच. चांगली सेवा केलीत हो तुम्ही. बरीच वर्षं जगतील."

डॉक्टरीणबाई गेल्या. ताई खुराड्यापुढच्या पायरीवर बसली. म्हणजे पहिल्या दिवशी तिने हात वर केले असते, तर कोंबड्या गेल्या असत्या, आप्पा रडले असते, आणि तरी कधीतरी धाकट्याकडे गेले असते. तिने त्यांना जगवलं, हाताने, थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंबागणिक स्वतःच्याच दाराला कडी घातली. आता आप्पांना ह्यांना मारू या म्हणायचं? बाईसाहेब तिच्या पावलाशी येऊन घुटमळत होती. तिला मारायची तर सोडाच, बाजूला सारायचीही ताईची छाती होईना. शेजारीपाजारी द्याव्यात, तर दोन्हीकडे कोंबड्या. सगळ्या बाजूंनी कोंडमारा. ती रडली, आणि आप्पांनी हाक मारली तशी नाक पुसून उठली, कारण चहाची वेळ झाली होती.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ती रात्रभर स्वतःला समजावत राहिली की कोणाला काय कळतंय? शिंका थांबल्यात. महिन्याभराने मावशीच्या कोंबड्या शिंकल्या, तर दोष हवेला जाईल.

सकाळी धाकटा आला. भराभरा पिंजरा गाडीत चढवला, आप्पांना पुढच्या सीटवर बसवलं, काठी मागे ठेवली. आप्पा नवा सदरा घालून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून "लंगडी आली ना?" विचारत होते. ताई बॅग घेऊन दाराशी उभी. वाटेत तिला स्टेशनवर सोडायचं ठरलं होतं.

"मावशीने खुराड्याला रंग लावलाय," धाकटा हसत म्हणाला. "सकाळपासून तिच्या कोंबड्यांना सांगत बसलीय, पाहुण्या येणार म्हणून."

झालं. ताईच्या तोंडून निघूनच गेलं. "उतरव पिंजरा."

"काय?"

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, अंगातला आजार, चाळीस कोंबड्या. धाकट्याने तोंडाचा चंबू करून ऐकून घेतलं. आणि मग, ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याचे खांदे सैल पडले. चेहरा खुलला. कसनुसं तोंड करायला त्याला जरा उशीरच झाला.

"अरेरे," तो म्हणाला. "मग आता काय करणार गं. नाइलाज आहे. आप्पा तर ह्यांच्याशिवाय हलणार नाहीत. तुझंही बघ ना, किती मनाला लागेल… बघू, पुढच्या वर्षी काहीतरी." आणि लगेच पिंजऱ्याला हात घातला. चढवताना लागला होता त्याच्या निम्म्या वेळात त्याने तो उतरवलासुद्धा. आप्पाही गाडीतून उतरले आणि पिंजऱ्याचं दार उघडून कोंबड्यांमागून खुराड्याकडे निघाले.

ताई बघत राहिली. तिला राग आला. असा राग तिला कधी आलाच नव्हता, नाहीतर तो आधीच उपयोगी पडला असता. सगळ्यांना एकच गोष्ट सुचत होती, की कोंबड्या हलत नाहीत, म्हणून आप्पा हलत नाहीत, म्हणून ताई हलत नाही. तिलाही तेच सुचलं होतं, काल संध्याकाळपासून.

"तुझा लॅपटॉप गाडीत आहे?" तिने विचारलं.

"आहे की. का?"

"उघड मग. ऑफिस."

धाकट्याला कळेना. कळलं तेव्हा तो हसला, मग हसायचा थांबला. "अगं काहीतरी काय! मला काय येतंय त्यातलं? आणि घरी काय सांगू?"

"मावशीला मी सांगते फोनवर. ती ओरडेल, पण तुझ्यावर. वर्षभर आप्पा तुझ्याकडे असं ठरलं होतं. ठरलंय तेच. फक्त जागा बदलली."

"ताई, पण डॉक्टर म्हणाल्या ना, बाहेर न्यायचं नाही…"

"कोंबड्यांना बंदी आहे," ताई म्हणाली. "मला नाही."

धाकट्याने मदतीसाठी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खुराड्याच्या दाराला धरून उभे होते, कबरीला आत हाकलत. त्यांनी वळून आधी लेकाकडे पाहिलं, मग लेकीच्या बॅगेकडे खूप वेळ पाहिलं.

"त्याला पाण्याचं भांडं कुठे असतं ते दाखवून जा," ते म्हणाले. "नाहीतर दिवसभर मला विचारत बसेल."

ताईने भांडं दाखवलं. भुशाचं पोतं दाखवलं, आप्पांच्या गोळ्यांचा डबा दाखवला. धाकटा मान हलवत मागे मागे फिरत होता, जणू कोणी त्याला तुरुंग दाखवतंय. शेवटी तो तसाच बुटांनी खुराड्यात शिरायला लागला, तशी ताईने त्याचा दंड धरला. दाराशी ठेवलेल्या निळ्या रबरी चपला तिने पायाने त्याच्यापुढे सरकवल्या.

"आत जाताना ह्या घालायच्या. आणि ह्या घालून बाहेर कुठे जायचं नाही."

धाकट्याने एक पाय घालून पाहिला. टाच मागे लोंबत होती. "घट्ट होतात गं."

"होते सवय," ताई म्हणाली आणि तिने बॅग उचलली.