स्थळांची गुप्त वही

बुधवारा पेठेतले लीलाधरभाऊ शाळेतली मास्तरकी सांभाळून लग्नं जुळवायचे. त्यांच्या वहीत एकशे चाळीस स्थळं होती आणि प्रत्येकापुढे एक खरा शेरा. संस्थानं विलीन होत होती त्या वर्षी तर त्यांना उसंतच नव्हती. काल संस्थानात कारकून असलेला नवरदेव आज नोकरीत आहे की घरी बसलाय, हे मुलींचे बाप त्यांनाच विचारायला यायचे.

एकदा भाऊ सुपारी आणायला आत गेले, तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या सुकलालशेटनी वही उघडली. त्यांच्याच पुतण्यापुढे लिहिलं होतं, 'तापट. घोरतो.' शेट चहा न घेता उठले आणि भाऊंशी बोलणंच टाकलं.

भाऊंनी धसका घेतला. वही कोणालाही वाचता येणार नाही अशी करायचीच, असं ठरवून त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचं अक्षर लिहायचं. शुद्ध प्रतिपदेला एक घर पुढचं, द्वितीयेला दोन, असं अमावस्येपर्यंत तीस. द्वितीयेला 'तापट, घोरतो'चं 'दाबड, चोवदो' झालं, तेव्हा भाऊ स्वतःवर खूश झाले. दोन महिने खपून त्यांनी सगळी वही नव्यानं लिहिली आणि जुनी बंबात घातली. कोणतं पान कोणत्या तिथीला लिहिलं, त्याची एक चिठ्ठी केली. ती कोणाच्या हाती लागू नये म्हणून तीही त्याच लिपीत लिहिली.

दिवाळीनंतर तापीकाठचे केळीवाले भाईदास आले.

"आमचा पोरगा अनंत ज्या संस्थानात नोकरीला होता ते गेलं, पण नव्या सरकारनं त्याला ठेवून घेतलं," ते म्हणाले. "महिन्याभरात हजर व्हायचंय. त्याआधी लगीन उरकायचं. एखादी पोरगी सांगा, जल्दी."

भाऊंनी ऐटीत वही उघडली. समोर होतं 'चाधे'. तिथी आठवेना. चिठ्ठी काढली, तर तिची तिथी कोणती, तेही आठवेना. घाम पुसत त्यांनी प्रतिपदा धरून पाहिली आणि नकळत मोठ्यानं वाचलं, "ङादे."

"ङादे?" भाईदास विचारात पडले. "हे आडनाव कुठलं? आमच्याकडे नाही ऐकलं."

"वऱ्हाडातलं असावं," भाऊ पुटपुटले.

आत भाऊंच्या पत्नी मालतीबाई गहू निवडत होत्या. त्या सूप घेऊनच दारात आल्या. "अहो, चांदनी गावची कमल सांगा ना यांना. सातवी झाली आहे, गातेही चांगली."

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्ही आधी मोठ्यानं म्हणायचात, मग बोटं मोजायचात. दोन महिने तेच चाललं होतं. मला सगळी वही पाठ आहे."

शेजारच्या भिंतीवरून सोजरबाईंचं डोकं वर आलं. "गाते ती धाकटी, वहिनी. कमल हट्टी आहे. भाऊंनी दोनदा म्हटलं होतं, हट्टी, हट्टी."

भाऊंना वाटलं, आता हेही उठून जाणार. पण भाईदासांचा चेहरा उजळला. "मग हट्टीच दाखवा. आमचा अनंत कोणालाही हो म्हणतो. घरात नाही म्हणणारं कोणीतरी पाहिजेच."

मार्गशीर्षात चांदनीला लग्न झालं. हार घालायच्या वेळी अनंतनं मान जरा जास्तच वाकवली. कमलनं त्याला सरळ उभं राहायला सांगितलं आणि तो राहिला.

मग मालतीबाई सांगायच्या आणि भाऊ साध्या मराठीत लिहायचे, अशी वही पुन्हा सुरू झाली. भाऊंना आधी अपमान वाटला, मग बोटं मोजायची नाहीत याचा आराम वाटू लागला. काम संक्रांतीपर्यंत संपलं असतं, पण जळगावच्या एका मुलाच्या उंचीवरून मालतीबाई आणि सोजरबाई यांची जुंपली. दोघी आपापल्या आकड्यावर अडून बसल्या. शेवटी दोघींनी मिळून भाऊंच्या हातात टेप दिली आणि त्यांना सकाळच्या गाडीनं जळगावला पाठवलं.