खळ दिलेला अंगरखा

मित्रांनो, मी घानातला एक जुना अंगरखा आहे. टमालेच्या एका विणकराने हातमागावर चार-चार बोटं रुंदीच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या विणल्या, एकमेकींना जोडल्या आणि मी झालो. तिकडे मला फुगू म्हणतात. नाचणाऱ्याने गिरकी घेतली की माझा घेर छत्रीसारखा उघडतो. थोडी बढाई मारतोय, पण म्हाताऱ्याला तेवढं चालायचंच.

अझाराच्या वडिलांनी मला तीस वर्षं वापरलं. लग्नांत, बारशांत ते नाचायचे आणि त्यांचा घाम मी पीत राहायचो. ते गेल्यावर अझाराने मला नेदरलँड्सला, तिच्या झूटरमेरच्या घरी आणलं. कपाटात मी पडून असायचो. बाहेर पाऊस वाजायचा आणि अर्धवट झोपेत मला ढोल ऐकू यायचे.

मग पंचेचाळिसाव्या वर्षी अझारा तिथल्याच मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात पदवीधर झाली. समारंभाला वडिलांचा अंगरखाच घालायचा, हे तिचं पक्कं होतं. पण माझ्या काखेत पिवळे डाग होते, आणि रंग जाईल म्हणून दोन लाँड्रीवाल्यांनी हात वर केले. बिचारी मला मांडीवर घेऊन रडली.

शेजारच्या शर्वरीकडे नागपूरहून तिच्या सासूबाई आल्या होत्या, कांताबाई. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

“लिंबू चोळू या का, आई?” शर्वरीने विचारलं.

“लिंबाने निळा रंग उडून जाईल नं. माझ्या बॅगेतले रिठे काढ.”

आधी आतल्या कडेला थेंबभर लावून त्यांनी रंग सुटत नाही ना ते पाहिलं. मग रिठ्याच्या गार पाण्यात मला बुडवलं आणि बोटांनी हळूहळू चोळलं. त्या फेसात मला पेंग आली. मी टमालेच्या अंगणात दोरीवर डुलत होतो, खाली कोंबड्या फिरत होत्या. जाग आली तेव्हा डाग गेले होते.

तिथेच थांबायचं की नाही? पण विहारात जायचं पांढरं पातळ कडक लागतं, ही कांताबाईंची जन्माची सवय. त्यांनी भाताची पेज काढली, मलाही खळ दिली आणि इस्त्री फिरवली. मी पापडासारखा झालो.

समारंभाच्या सकाळी अझाराने मला घातलं आणि गिरकी घेतली. मी हललोच नाही. तिचा चेहरा उतरला. कांताबाईंना सांगायला दुभाषी लागला नाही.

“माझंच चुकलं, पोरी. सवयीने हात गेला.”

गाडीला अर्धा तास उरला होता, मला पुन्हा धुवून वाळवायला वेळ नव्हता. अझारा शर्वरीशी काहीतरी बोलली.

“आई, ती म्हणते, वडिलांच्या नावाने एक खुर्ची ठेवलीय. तुम्ही बसाल का?”

समारंभात कांताबाई त्या खुर्चीवर बसल्या. मी आपला ताठच. मग बाहेरच्या चौकात अझाराच्या मैत्रिणींनी ढोल धरले. पहिल्या गिरकीला मी ढिम्म, दुसरीलाही तसाच. पण ती थांबली नाही. तिचा घाम माझ्यात मुरत गेला, खळ भिजली, एक पट्टी सैल झाली, मग दुसरी. आणि मी उघडलो. कांताबाई पदराने डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.

घरी पोचताच त्यांनी फर्मान काढलं, “काढ आधी. घाम ओला आहे तोवर साध्या पाण्यातून काढला, तर डाग धरत नाही.”

शर्वरीने ते सांगेपर्यंत अझारा सोफ्यावर झोपलीसुद्धा होती.

मित्रांनो, कांताबाईंचं ऐका. आम्हाला त्याच दिवशी धुवा, सावलीत वाळवा आणि खळ देण्याआधी विचारा. पण माणूस असा सुखाने दमून झोपला असेल, तर त्याच्या अंगावरून आम्हाला ओढू नका. तेवढा एक डाग आम्ही सोसू.