तिसऱ्या वळणावरचा ब्रेक

ट्रेलरला चार चाकं होती, प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक आणि प्रत्येक चुंबकाच्या दोन वायरी. म्हणजे आठ जोड. त्यातले पाच ऑरिनकाकांनी घरातल्या दिव्यांना लावतात तसल्या प्लास्टिकच्या टोप्या पिळून केलेले, तीन नुसते टेपनं गुंडाळलेले. शिवाय एक मेलेला उंदीर.

"मिळाला का दोष?" वर्नामावशीनं वाकून विचारलं.

"आठ मिळाले. काकांनी हे जोड हातमोजे घालून केलेत का?"

"त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. चाललं ना, म्हणायचा."

चालत होतं खरं, पण नको तिथेही. गेल्या आठवड्यात मावशी रिकामा ट्रेलर घेऊन टीटर खिंड उतरत होती. तिसऱ्या वळणाआधी, पेडलला पाय न लावताच, ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले. तीनदा. परवापासून बर्फ सांगितलाय. त्याआधी चार गाभण घोड्या खिंडीपलीकडच्या कुरणात न्यायच्या होत्या. इथला चारा डिसेंबरपर्यंतही पुरणार नाही. आणि घोड्या आत असताना उतारावर चाकं अशी जखडली, तर ट्रेलर आडवा होऊन दरीत जाईल.

"ऑरिनच आहे तो," मावशी म्हणाली.

काकांची सवय मलाही माहीत होती. तिसऱ्या वळणापुढचा खडा उतार सुरू होण्याआधी ते ट्रकमधला ट्रेलर-ब्रेकचा लिव्हर हातानं तीनदा दाबायचे, दर वेळी दोन अंक मोजून. ट्रेलर मागे ओढतोय हे जाणवलं, की मगच पुढे. गेल्या नोव्हेंबरात त्याच तिसऱ्या वळणावर त्यांचं हृदय थांबलं. हात लिव्हरवर होता, म्हणून ट्रक कडेला येऊन उभा राहिला.

"मावशी, आसाच्या नळीतली वायर घासलीय. आत तांबं दिसतंय. धक्का बसला की शेजारच्या दिव्यांच्या चालू वायरीला टेकते."

"आणि तो धक्का तिन्ही वेळा त्याच वळणावर बसतो?"

"रस्ता तिथे खराब असेल."

"तुला चार वर्षं कॉलेजात शिकवलं, ते हेच?"

मी वायर बदलली, आठही जोड नव्यानं केले. एका चुंबकाला तीन अँपिअर, चारींना मिळून बारा. लिव्हर दाबून मोजले: बारा. सोडल्यावर शून्य. दुपारी दोघी रिकामा ट्रेलर घेऊन खिंडीत गेलो. तिसऱ्या वळणाआधी ट्रेलरनं मागे ओढलं. सोडलं. पुन्हा ओढलं. मी खाली उतरून रस्ता पाहिला. कुठे खड्डा नव्हता.

आम्ही ट्रक वर आणला. ट्रकची वायर ट्रेलरला जोडणारा प्लग मी उपसून काढला. ट्रेलर तुटून सुटला, तर ब्रेक लावण्यासाठी त्याच्या पुढच्या दांड्यावर एक छोटी बॅटरी असते. तीही काढून ट्रकमध्ये माझ्या सीटखाली ठेवली. आता त्या चुंबकांपर्यंत वीज पोचायला रस्ताच नव्हता. मुख्य वायरीभोवती अँपिअर मोजणाऱ्या मीटरचा चिमटा बसवला आणि आकडा दिसेल असा फोन टेपनं बांधून चित्रीकरण सुरू केलं.

"शून्य आलं, तर संध्याकाळी घोड्या चढवू," मावशी म्हणाली.

"आणि नाही आलं तर?"

"तरी चढवू. फक्त जाताना त्याला सांगेन, की गाडी मी चालवतेय, तू मध्येमध्ये करू नकोस."

तिनं पहिला गिअर टाकला. चालण्याच्या वेगानं आम्ही खाली निघालो. तिसऱ्या वळणापाशी मावशीनं दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले होते; मी ते पाहत होते.

खाली सपाटीवर थांबून मी फोन सोडवला आणि चित्रण दोनदा पाहिलं. पहिली साडेअकरा मिनिटं शून्य. त्यानंतर तीन वेळा, दर वेळी दोन सेकंद: बारा पूर्णांक एक अँपिअर.